नाकावरचा बुजलेला ठिपका

खामगाव

प्रिय चिऊ,

काल फोनवर बोलता बोलता तू एकदम गप्प झालीस. ‘नीट’ परीक्षेच्या केंद्रावर नाकातलं-कानातलं काहीच चालत नाही, म्हणून चमकी काढून आईच्या रुमालात बांधून दिलीस. पुढे निकालाच्या काळजीत ती तशीच राहिली. महिन्याभरानं घालायला गेलीस तर शिरेना. “मावशी, भोक बुजलं गं,” एवढंच म्हणालीस. तुझा तो आवाज रात्रभर कानात राहिला, म्हणून सकाळी पत्र लिहायला बसले.

तुझे कान टोचले तेव्हा तू माझ्याच मांडीवर होतीस. आपल्या खामगावला रजतनगरी म्हणतात, पण त्या दिवशी मला चांदी-सोनं काही दिसत नव्हतं. सोनारकाकांनी दोन्ही पाळ्यांवर शाईचे ठिपके दिले, समोरून नीट पाहिले, एक पुसून केसभर खाली घेतला. मग सोन्याची टोकदार तार एका दमात पार केली आणि चिमट्यानं तिचं टोक वळवलं. तू किंचाळलीस, आजीनं जिभेवर गूळ ठेवला, काका म्हणाले, “झालं वं माय, झालं.” कान सोनारानंच टोचावे असं आपण का म्हणतो, ते मला तेव्हा उमगलं. घरच्यांचा हात मायेनं थरथरतो. काकांचा थरथरला नाही.

माझ्या कानाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. कॉलेजात असताना कानाच्या वरच्या कडेला बाळी घालायची मला फार हौस होती. बाजारात एका दुकानात बंदुकीनं टोचून घेतलं. तिसऱ्या दिवशी कान लालबुंद झाला, त्या कुशीवर झोपता येईना. डॉक्टरांनी बाळी काढली, पू काढला आणि समजावलं. खालच्या पाळीला रक्त भरपूर मिळतं. वरच्या कूर्चेला मात्र स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती भोवतालच्या आवरणातून पोसली जाते. म्हणून तिथली जखम चिघळली की लवकर आवरत नाही. शिवाय बंदूक बोथट खडा जोरानं आत रेटते, आणि तिचे प्लॅस्टिकचे भाग उकळून घेता येत नाहीत. कान वाचला, बाळी गेली. कडेला हरभऱ्याएवढी गाठ राहिली. ती मी कित्येक वर्षं केसांआड लपवली, जणू काही माझाच गुन्हा होता.

पुढे कधीतरी सुश्रुतसंहितेबद्दल वाचलं. तिच्या सूत्रस्थानातल्या सोळाव्या अध्यायात कान टोचायची रीत आहे, आणि त्याच अध्यायात फाटलेली पाळ जोडायचे 15 प्रकारही आहेत. वाचून मला फार हलकं वाटलं. ज्यांनी टोचायला शिकवलं त्यांनी तुटेल, बिघडेल हेही गृहीत धरलं होतं. त्या दिवसापासून मी केस मागे बांधू लागले.

पण चिऊ, एक भोक असं बुजलं की त्याचं दुःख अजून जात नाही. माझ्या आजीचं, म्हणजे तुझ्या पणजीचं. आजोबा गेले तेव्हा जमलेल्या बायांनी तिची नथ उतरवली. तिला कोणी विचारलं नाही. बऱ्याच वर्षांनी, एका दुपारी, मी माझी चमकी तिच्या नाकाला लावून पाहिली. भोक कुठे होतं? डाव्या नाकपुडीवर नुसती बारीक खळी. तिनं माझा हात बाजूला केला. “राहू दे वं माय, मले आता काय कराचं हाये?” 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र नि जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आजीची ती खळी होती.

म्हणून सांगते, तुझं बुजणं वेगळं आहे. आत तार असते तोवर कातडी तिच्याभोवती वाट राखते. तार निघाली, की अंग जखम समजून ती वाट भरून काढतं. अंगानं त्याचं काम केलं, तू तुझं केलंस. तुझी चमकी तू स्वतःच्या हातानं काढलीस, स्वतःच्या परीक्षेसाठी. यात रडण्यासारखं काही हरवलेलं नाही.

आई म्हणते, लग्नाआधी पुन्हा टोचून घे. तेवढ्यासाठी टोचू नकोस. दुसऱ्याच्या अपेक्षेचा मोती नाकापेक्षा जड होतो. तुला हवी असेल तर जागा पुरती भरू दे, काही महिने थांब. मग निर्जंतुक नवी सुई, शुद्ध सोन्याची तार आणि सरावाचा हात शोधू. नको असेल तर तो ठिपका तसाच राहू दे.

चमकी मात्र रुमालातून काढून डबीत ठेव. कधी टोचायला गेलीस तर मला बोलाव. या वेळी मांडीवर मावणार नाहीस, पण हात धरून बसेन.

तुझी,
मावशी