‘योजनेत बसत नाही’ याच्या पुढचे वाक्य

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजे अवघ्या मराठवाड्याची घाटी, १९५६पासून उभी आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीच नव्हे, तर शेजारच्या बुलढाणा आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतूनही रुग्ण इथे येतात. खाटा अपुऱ्या आहेत, औषधे संपतात, यावर आपण बोलतो आणि बोललेच पाहिजे. पण रुग्णाच्या नातेवाइकाचा पहिला प्रश्न बहुधा वैद्यकीय नसतो. कुठे जायचे, कोणता कागद लागेल, पैसे भरावे लागतील का, हे त्याला आधी कळायला हवे असते. ही उत्तरे देणारी माणसे आपल्या व्यवस्थेत आहेत: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र, रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक, गावोगावच्या आशाताई, सखी केंद्रातल्या कर्मचारी, विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक, हेल्पलाइनवर फोन उचलणारे तरुण. नेमणुका वेगवेगळ्या, पण कामाचा एक मोठा भाग समान आहे: गरजूचे ऐकून घेणे आणि त्याला योग्य दारापर्यंत पोहोचवणे. माझे म्हणणे असे की हे स्वतंत्र कौशल्य आहे, त्याची परीक्षा घेता येते आणि महाराष्ट्राने त्यासाठी व्यावसायिक प्रमाणपत्र सुरू केले पाहिजे.

हे कौशल्य नसले की काय होते, ते ‘योजनेत बसत नाही’ या उत्तरात दिसते. उत्तर खरे असते, पण अर्धे असते. एखादी शस्त्रक्रिया फुले योजनेच्या यादीत नसली, तरी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ ककखाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांचा रस्ता उरतो. उच्च न्यायालयाने २००६मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. जाणकार माणूस नकारापाशी थांबत नाही. तो पुढचे वाक्य बोलतो, कोणते कागद घेऊन कुणाला भेटायचे ते सांगतो आणि काम झाले की नाही याची चौकशीही करतो. ते वाक्य न मिळालेला नातेवाईक बहुतेकदा सावकाराकडे वळतो, नाहीतर रुग्णाला घरी घेऊन जातो.

मराठवाड्यात या कामाची सर्वांत कठीण कसोटी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरी लागते. तिथल्या बाईच्या मागे एकाच वेळी किती कार्यालये लागतात ते पाहा. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत. सातबाऱ्यावर वारसनोंद तलाठ्याकडे. एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये, मुलांच्या बालसंगोपनाचा महिला व बालविकास कार्यालयात. कर्जाचा तगादा बँकेचा. जमिनीवरून सासरी वाद झालाच, तर १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील दिला आहे, पण हे तिला सांगणार कोण? प्रत्येक खिडकीवरचा माणूस आपल्यापुरते जाणतो. सगळ्या खिडक्यांचा क्रम जाणणारा आणि तिच्या मनःस्थितीला पेलेल इतकेच एका वेळी सांगणारा माणूस मिळणे आज नशिबावर आहे. औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टची नोंदणी आपण १९४८च्या कायद्याने सक्तीची केली. ज्याच्या सांगण्यावर एका कुटुंबाचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे, त्याच्याकडून मात्र आपण काहीच मागत नाही.

या कामासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा मागण्याची उदाहरणे जगात आहेत. ब्रिटनमध्ये १९३९ साली महायुद्ध पेटताच नागरिकांसाठी सल्लाकेंद्रे उघडली गेली. प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या बळावर ती आजही चालतात. अमेरिकेत या क्षेत्राची राष्ट्रीय संघटना १९७३मध्ये स्थापन झाली. पुढे तिने अशा कार्यकर्त्यांसाठी परीक्षा आणि प्रमाणपत्र आणले, आणि त्याचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरण का हवे, हे आपल्याच फुले योजनेवरून कळते. २०१२मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मग राज्यभर गेली, नाव बदलले, दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले, पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची अट सुटली. दहा वर्षांपूर्वी अचूक असलेला सल्ला आज त्याच रुग्णाला दारातून परत पाठवील.

यावर पहिला आक्षेप असा की योजनाच सुटसुटीत करा, मग वाट दाखवणाऱ्यांची गरज उरणार नाही. योजना सोप्या व्हायलाच हव्यात. तरीही माणसाची अडचण एका खात्याची नसते आणि खाती वेगळीच राहणार आहेत. दुसरा आक्षेप मोबाइलचा: सगळी माहिती संकेतस्थळांवर आहे. संकेतस्थळ विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. रेशन कार्ड वेगळे कसे करायचे, एवढेच विचारणारी बाई घरातल्या मारहाणीबद्दल बोलायचे टाळत असेल, हे ओळखायला माणूसच लागतो. त्यातही शिकलेला माणूस लागतो. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६मध्ये मुंबईत सुरू झाली, वर्षानुवर्षे स्वयंसेवी संस्थांनी चालवली आणि २०२३मध्ये सरकारी यंत्रणेकडे गेली. नंबर तोच राहिला. पण नंबरासोबत कौशल्य आपोआप हस्तांतरित होत नाही. ते नव्या माणसांना शिकवून, तपासून द्यावे लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: प्रमाणपत्र आले की पदवीधर पुढे जातील आणि वीस वर्षे काम केलेली आशाताई मागे पडेल. म्हणूनच प्रमाणपत्र पदवीवर नव्हे, अनुभवावर आणि प्रत्यक्ष कसोटीवर बेतलेले हवे. अमेरिकेतही शिक्षण कमी असेल तर अनुभवाची वर्षे जास्त मागतात, परीक्षेचे दार बंद करत नाहीत. प्रमाणपत्रांची दुकाने निघतील ही भीतीही खरी आहे. पर्यायी उत्तरांवर खुणा करण्याची परीक्षा ठेवली तर ती निघतीलच. परीक्षकासमोर एक अवघड संवाद हाताळून दाखवायला लावा, गोपनीयता कशी राखली ते पाहा, पाठपुराव्याच्या नोंदी तपासा. मग दुकानदारी अवघड होईल. शुल्क मात्र कार्यकर्त्याच्या खिशातून घेऊ नये आणि प्रमाणपत्रासोबत मानधनात वाढ मिळावी. कंत्राटी माणसावर नुसती परीक्षा लादणे हा अन्याय ठरेल.

२०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांना आणि समुपदेशकांना आपल्या अनुसूचीत घेतले. आरोग्यमित्र किंवा हेल्पलाइनवरचा कर्मचारी त्या नावांत नाही. दिल्लीची वाट न पाहता सुरुवात इथून करता येईल. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना शिकवते आणि आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. दोघांनी मिळून मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांसाठी अभ्यासक्रम आखावा, राज्य सरकारने त्याला मान्यता द्यावी आणि प्रत्येक जिल्ह्याने आपल्या सेवांची यादी दर तीन महिन्यांनी तपासून अद्ययावत ठेवावी, कारण यादी जुनी असेल तर उत्तम कार्यकर्ताही चुकीचाच पत्ता देईल. वाचकांना विनंती एवढीच: पुढच्या वेळी कुणी ‘योजनेत बसत नाही’ म्हणाले, तर तिथे थांबू नका. ‘मग कशात बसते?’ हे विचारा. आणि त्याचे उत्तर देता येणारा माणूस त्या खिडकीवर असावा, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधीकडे लेखी करा.