पाठीवरची खळी

आईच्या फोनच्या पाठीवर एक खळी आहे. अगदी मधोमध नव्हे, जरा वरच्या अंगाला. मोटोरोलाचा तो गोलातला एम जिथे आहे तिथे बोटाचं पेर मावेल एवढाच खोलगट भाग. फोन कानाला लावला की आईची तर्जनी आपोआप त्या खळीत जाऊन बसते. बोट कुठे आहे हे विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. पण सपाट पाठीचा नवा फोन तिच्या हातात दिला की तेच बोट त्याच्यावर इकडेतिकडे फिरत राहतं, अंधारात दाराची कडी चाचपावी तसं.

हा पहिला मोटो जी. नोव्हेंबर २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये जाहीर झाला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये आपल्याकडे आला. फ्लिपकार्टवरूनच मागवावा लागायचा. ८ जीबीचा १२,४९९ रुपयांना, १६ जीबीचा १३,९९९ ला. मी ८ जीबीचा घेतला आणि दीड हजार रुपये वाचवले. त्या काळी या किमतीच्या फोनवर अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसायच्या आणि नंबर शोधायला बोट फिरवलं की पडदा अडखळत सरकायचा. याचा साडेचार इंची पडदा मात्र पाटीवर नव्या पेन्सिलीने लिहावं तसा स्वच्छ होता, आणि एक जीबी रॅम असूनही हात अडखळत नसे. ज्या कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या मोबाइलवरचा पहिला कॉल केला, तिने चाळीस वर्षांनी साध्या माणसाच्या खिशाचा विचार करून केलेली ही वस्तू. मला तिच्याबद्दल तेव्हा आदर वाटला होता, आजही वाटतो.

दोन वर्षं तो माझ्याकडे होता. मधल्या काळात त्याच्यात एक बदल झाला आणि त्यामुळेच पुढे तो आईचा झाला. आला तेव्हा त्यावर अँड्रॉइड ४.३ होतं, मग किटकॅट आलं आणि २०१५ मध्ये लॉलीपॉप, म्हणजे अँड्रॉइड ५. अपडेट संपल्यावर सहज म्हणून भाषांची यादी उघडली. आधी त्या यादीत आपल्याकडची म्हणून हिंदी होती. आता खाली सरकवत गेले तर बंगाली, कन्नड, मल्याळम, तमिळ, तेलुगू, नेपाळी, आणि त्यांच्यात एका ओळीत, कुठलाही गाजावाजा न करता, मराठी. मी दाबलं. क्षणभर पडदा काळा झाला आणि फोन मराठीत उघडला. ‘सेटिंग्ज’ तशीच राहिली होती, पण ‘विमान मोड’ आला होता. विकत घेतलेली वस्तू जुनी होत जाते हेच आजवर पाहिलेलं. ही वस्तू जुनी होता होता आपली भाषा शिकली.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं पहिलीचा वर्ग घ्यायची. इंग्रजी ती वाचते, पण वाचताना कपाळाला आठी पडते. फोन तिला दिला त्या संध्याकाळी तिने तो ओसरीवर बसून उत्तरपत्रिका तपासावी तसा तपासला. ल तिला हिंदी वळणाचा वाटला. जोडाक्षरं पास झाली. कुलूप लागलेल्या पडद्यावर खाली ‘आणीबाणी’ असा शब्द होता, तिथे ती थबकली.

“पंचाहत्तर साली मी डी.एड.ला होते,” ती म्हणाली. “हा शब्द इथे कशाला गं?”

संकटात कुलूप न काढता फोन लावण्यासाठी, असं मी सांगितलं. तिने मान हलवली, पण त्या शब्दावर बोट ठेवायला तिला बरेच दिवस लागले.

मग तिने लिहायला घेतलं. पहिला निरोप मामाला. ‘दुसऱ्या’ लिहायचं होतं आणि पडद्यावर ‘दुसर्या’ उमटत होतं. पहिलीला शिकवलेली बाई असलं काही पाठवून देणं शक्यच नव्हतं. अर्धा तास ती कळफलकावर शोधत बसली. शेवटी खाली टिंब असलेला ऱ सापडला, त्याचा पाय मोडून पुढे य घेतला आणि ती नाजूक चंद्रकोर ऱ च्या जागी अवतरली. “आलं!” एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या काकू डोकावल्या. आजही तिच्या निरोपात ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ कधी चुकत नाहीत. चांगले शिकलेले लोक त्या अक्षरापाशी घाई करतात.

आता त्या दीड हजारांबद्दल. ८ जीबीमधली वापरायला मिळते ती साधारण ५ जीबी, आणि या फोनला मेमरी कार्डाची खाच नाही. नात्यातल्या प्रत्येकाची सकाळ शुभ चिंतणारी चित्रं, बारशांचे आणि डोहाळजेवणांचे व्हिडिओ, हे सगळं त्या ५ जीबीत येऊन पडतं. दर चार दिवसांनी जागा संपल्याची सूचना झळकते. पैसे वाचवल्याचं मला खूप वाईट वाटायचं. पण आईने त्यातून एक रीत लावून घेतली. रात्री जेवणं झाली की ती चष्मा लावून फोन निवडायला बसते, तांदूळ निवडावेत तसा. हे ठेवायचं, हे काढायचं. पदराने पडदा पुसते, कारण वयाने कोरडी पडलेली बोटं काचेला लवकर कळत नाहीत. मग पुन्हा दाबते. माझ्या आताच्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत आणि त्यातला हवा तो मला सापडत नाही. आईच्या फोनमध्ये जेमतेम दोनशे असतील. प्रत्येक कुठल्या दिवशीचा हे तिला पाठ आहे. त्यात बाबांचा एक आहे, विहिरीच्या कठड्यावर बसलेले, संध्याकाळचा. ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि उतरता उजेड, त्यामुळे चेहऱ्यावर रांगोळीसारखे दाणे उठलेत. तो दर रात्री निवडण्यातून जातो आणि दर रात्री राहतो.

बॅटरी २०७० एमएएचची. कंपनीने ती मालकाने बदलावी अशी ठेवलेलीच नाही. फोनची पाठ निघते, चार्जिंगच्या भोकापाशी नख घालून हलकेच ओढली की सुटते, पण आत बॅटरी झाकलेली. चार वर्षांनी ती दुपारीच मान टाकू लागली तेव्हा आम्ही एसटी स्टँडसमोरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने पाठ काढली, बारीक स्क्रू चुंबकाच्या पट्टीवर रांगेत मांडले, चिकटवलेली बॅटरी पातळ पट्टीने उचलली. “मावशी, बोर्ड एकदम ओके आहे, नवा घेऊ नका,” म्हणाला. विकण्यासाठी मागे फोनची भिंत लागलेली असताना तो हे म्हणाला, हे मी विसरत नाही. कंपनीत या फोनचं सांकेतिक नाव फाल्कन, म्हणजे ससाणा. जगभरच्या हौशी लोकांनी लिनिएजओएससारख्या प्रणाली बसवून असे ससाणे पुढची कितीतरी वर्षं उडते ठेवले. आईच्या फोनला मी तसं काही करू दिलं नाही. तिची मांडणी हलली असती.

हेही सांगायला हवं की मी त्यावर बँकेचं काही ठेवत नाही. इतक्या जुन्या प्रणालीला सुरक्षेची नवी ठिगळं मिळत नाहीत आणि पैशाचे व्यवहार तिच्यावर करू नयेत हे खरंच आहे. तो फोरजीही पकडत नाही, थ्रीजीचे टॉवर कमी होत गेले, त्यामुळे बाहेर इंटरनेट रांगतं. निरोप येतात ते घरच्या वायफायवर.

पण त्याला रेडिओ आहे. खरा रेडिओ, इंटरनेट न लागणारा. इअरफोनची वायर हीच त्याची एरियल. आई वायर लावते, तिचं टोक खिडकीच्या गजाला गुंडाळते आणि सकाळच्या प्रादेशिक बातम्या लावून भाजी चिरते. पावसाळ्यात दोन दिवस वीज आणि नेट दोन्ही गेलं होतं तेव्हा आळीत बातम्या फक्त आमच्याकडे होत्या. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून विचारायच्या, “धरणातून पाणी सोडलं का हो?”

दर दिवाळीला मी विचारते, “आई, नवा घेऊया ना?”

“याला काय झालंय?” ती म्हणते, आणि बोट खळीत असतं.

खरं तर याला एक झालंय. पाठीच्या कडेची एक खीळ तुटली आहे. आवाजाची आणि चालू-बंदची बटणं त्या पाठीलाच जोडलेली, म्हणून ती सैल झाली की बटणं नीट दबत नाहीत. सध्या तिथे रबरबँड आहे, आणि तो नेमका खळीवरून जातो. तुमच्या घरी खणात पहिला मोटो जी बंद पडलेला असेल, तर फोन भंगारात द्या हवा तर, पण त्याची पाठ काढून ठेवा. रंग कुठलाही चालेल.