सही मागच्या बाजूला

माझी उमेदीची वर्षं नाटकाच्या विंगेत गेली. बोटं डिमरवर, कान नटाच्या वाक्याकडे, नजर रंगमंचावर. आम्हा लाइटवाल्यांत एक समज पक्का होता: प्रेक्षक बाहेर पडताना लाइटबद्दलच बोलू लागला, तर लाइट नाटकाच्या पुढे गेला.

चित्रांकडे वळलो ते दौरे थांबल्यावर. ही वाट आपल्याकडे जुनीच. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले. मला मात्र ब्रशची सवय नव्हती, उजेडाची होती. रंगमंचावर लाल आणि हिरवा झोत एकमेकांवर टाकले की पिवळा उजेड पडतो. तेच रंग पॅलेटवर कालवले तर मातकट लगदा! म्हणून कालवणं सोडलं आणि पातळ थरांवर काम करू लागलो. खालचा थर वाळल्याशिवाय वरचा द्यायचा नाही.

या थांबण्यात हरिपाठ परत आला. घरी वारकरी वळण, पण दौऱ्यांच्या धबडग्यात तो सुटला होता. आता एक थर दिला की ब्रश पाण्यात ठेवतो आणि हरिपाठ म्हणतो. तो संपेपर्यंत अ‍ॅक्रिलिक वाळलेलं असतं. पुढचा रंग कोणता, हेही बहुधा तोवर ठरलेलं असतं. कसं ठरलं ते सांगता येत नाही.

"एवढं नाम घेता, मग विठ्ठल का नाही काढत?" असं ओळखीचे विचारतात. त्यांना मी वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांची चित्रं दाखवतो. रमण महर्षी आणि झेन विचारांचा प्रभाव असलेला हा चित्रकार. पण कॅनव्हासवर देव नाही, देऊळ नाही. ती चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा लाइटवाल्याच्या खोडीनं उजेड कुठून पडलाय ते शोधत राहिलो. जागा सापडली नाही. माझ्या चित्रातही रंग दिसावा, तो लावणारा दिसू नये, एवढंच मागणं आहे. सहीसुद्धा मी कॅनव्हासच्या मागं करतो.

पण खरं सांगायचं तर विंगेत हे सोपं होतं. तिथं अंधारच होता, कर्तेपण मिरवायला जागा नव्हती. आता प्रदर्शनात कुणी चित्रापुढं रेंगाळलं की माझे कान टवकारतात आणि 'कुणाचं आहे?' हा प्रश्न यावासा वाटतो. हरिपाठाची गरज रंग वाळण्यापेक्षा तिथंच जास्त पडते.