निम्न वर्ध्याच्या कांठीं

गेल्या मार्गशीर्षांत निम्न वर्धा प्रकल्पाचें धरण पाहण्याचा योग आला. आर्वी तालुक्यांत शेती करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अगत्यानें बोलाविलें, आणि वर्ध्याहून पुलगांवमार्गें आम्ही निघालों.

पुलगांवाहून आर्वीस पूर्वीं अरुंद रुळांची छोटी गाडी जात असे. 1917 सालीं ती खासगी कंपनीच्या भांडवलावर, मुख्यत्वें कापसासाठीं सुरू झाली. आतां ती बंद आहे. जुनीं माणसें तेवढी तिची आठवण काढितात. लोकोपयोगी कामांत पैसा कोण घालतो व कशासाठीं, हा विचार तेथूनच आमच्या मनांत घोळूं लागला.

धनोडीस पोहोंचलों तों ऊन कलतें होतें. वाटेंत कपाशीची वेचणी चालली होती, तुरी फुलावर होत्या. समोर मात्र दृष्टी पोहोंचेल तेथवर पाणीच पाणी!

विद्यार्थ्यानें विचारिलें, "गुरुजी, एवढा पैसा येतो कोठून?"

आम्हीं सांगितलें तें असें. शेती व ग्रामविकासासाठीं 1982 सालीं नाबार्ड ही बँक स्थापन झाली. रखडलेलीं पाटबंधाऱ्यांचीं कामें पुरीं व्हावींत म्हणून 2016-17 सालीं तिच्याकडे 20,000 कोटि रुपयांचा दीर्घ मुदतीचा निधि उभारण्यांत आला. त्यांत देशांतील 99 प्रकल्प निवडले गेले. निम्न वर्धा त्यांपैकीं एक.

"म्हणजे कर्जच कीं!" तो म्हणाला.

कर्जच खरें. सर्वत्र मात्र तसें नसतें. प्रशांत महासागरांत किरिबाटी नांवाचें चिमुकलें द्वीपराष्ट्र आहे. तेथें जमिनीखालीं गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. समुद्र चढला कीं तो नासतो. म्हणून समुद्राचें पाणी गोडें करून लोकांस पाजण्याच्या योजनेस आशियाई विकास बँक व जागतिक बँक यांनीं 2019 सालीं हात दिला, तो कर्जानें नव्हे, अनुदानानें. जो फेडूंच शकत नाहीं, त्यास ऋणको करून काय साधणार? आपणांस तें फेडावयाचें आहे. आणि तें फिटणार शेतांत पोहोंचलेल्या पाण्यानें, भिंतीमागें अडविलेल्या पाण्यानें नव्हे.

विद्यार्थ्याच्या मातोश्री आमच्या बरोबर होत्या. इतका वेळ त्या गप्प होत्या. मग पाण्याकडे बोट करून म्हणाल्या, "तिथं आमच्या माहेरची चिंच होती."

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. देतांही आलें नसतें. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण हीं तीन ऋणें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलीं. बँकेचें ऋण चवथें. त्यास मुदत आहे, व्याज आहे, वही आहे. ज्यांच्या चिंचा पाण्याखालीं गेल्या त्यांचें ऋण मात्र कोणत्याच वहींत नाहीं. कालव्याचें पाणी अखेरच्या बांधापर्यंत नेणें, हीच त्याची थोडीबहुत फेड होय.

परततांना नदीवर अंधार पडला होता. मातोश्री मागें वळून पाहत होत्या.