बांधावरचा मेक्सिकन

ऑगस्टात झड लागली की माझ्या मोबाइलवर एकच फोटो पुन्हा पुन्हा येतो. कधी चोपड्याहून, कधी शिरपूरहून. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी पट्ट्या असलेला भुंगेरा. खाली प्रश्न: कोणतं औषध मारू? कुणी आधीच मोबाइलवर शोधाशोध केलेली असते, तिथे कोलोरॅडो बटाटा भुंगेरा सापडलेला असतो, आणि घबराट दुप्पट. दोघे एकाच कुळातले, हे खरं. पण कोलोरॅडो सेंटिमीटरभर लांब, पिवळट पंखांवर दहा सरळ काळ्या रेघा. आणि तो भारतात नाहीच. हा जेमतेम सहा मिलिमीटरचा.

औषधाआधी ‘हाऊ किडा काय खास?’, म्हणजे हा किडा काय खातो, असं विचारणारा शेतकरी भेटला की मला बरं वाटतं. ओळख तिथेच निम्मी पटते. वांग्याच्या पानाची जाळी करणारा ठिपक्यांचा तो एपिलॅक्ना, आपल्या भरताचा वैरी. काकडी-गिलक्याच्या कोवळ्या रोपांवरचा नारिंगी तो तांबडा भुंगेरा. हा मात्र गाजरगवतावर, म्हणजे आपल्या ‘काँग्रेस’वर जगतो.

याला मुद्दाम आणलंय. 1955 च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलेलं हे गवत देशभर माजलं, तेव्हा 1983 मध्ये बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने मेक्सिकोहून झायगोग्रामा बायकोलोराटा मागवला आणि चाचण्या घेऊन 1984 मध्ये मोकळा सोडला. याची अळी आधी शेंड्याचे कोंब खाते, मग पानं. त्यामुळे गवताचा फुलोराच अडतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला आणि गहजब झाला. केंद्र सरकारला समिती नेमावी लागली. उलगडा झाला तो मोठा मजेशीर. गाजरगवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसले की हा फसतो आणि पान कुरतडू लागतो. निव्वळ सूर्यफुलावर त्याची पिढी नीट वाढत नाही. म्हणजे ‘काय खातो’ हे विचारलं, तरी पानावर आणखी काय पडलंय तेही बघायला हवं.

त्याची स्तुती मात्र जरा जास्तच होते. थंडी सुरू झाली की बहुतेक भुंगेरे जमिनीत शिरून निपचित पडतात, ते जूनच्या पावसाने वर येतात. इकडे रावेर-यावलात केळीला बारमाही ठिबक. ओल्या बांधावर काँग्रेस जानेवारीतही फुलत असते आणि तिला खायला कुणी नसतं. त्या महिन्यांत हातमोजे घालून, फुलावर येण्याआधी ती मुळासकट उपटणं, याला पर्याय नाही.

पावसाळ्यात मात्र भुंगेरे लागलेल्या बांधावर फवारा मारू नका. फारच झाले असतील तर जाळीच्या झाकणाच्या डब्यात पाल्यासकट भरा आणि गावाबाहेरच्या माजलेल्या प्लॉटवर सोडा. एका जागी पाचशे-हजार सोडले तर लवकर जम बसतो. पाच-पन्नास सोडून दुसऱ्या आठवड्यात मला फोन करू नका.