तुळईचे टोक

जुने गोवे पाहून परतताना आम्ही मांडवीकाठच्या एका गावी थांबलो व तेथील जुन्या ख्रिस्तमंदिराच्या माळ्यावर चढलो. एक तुळई खचली होती. म्हणून सारे छप्परच उतरवावे, असा ग्रामस्थांचा विचार चालला होता. वृद्ध सुतार मात्र हातोडीने ठोकीत ठोकीत तुळईच्या टोकापर्यंत गेला. मध्यभागी खणखणीत आवाज आला, भिंतीत शिरलेल्या टोकाशी बद्द. तेथे आरी लोण्यात शिरावी तशी शिरली.

वाचकहो, लाकूड वयाने कुजत नाही, ओलाव्याने कुजते. त्यातील ओल शेकडा २० हून कमी राहिली, तर कुजविणारी बुरशी वाढत नाही. येथे भिंतीवरील कौल फुटले होते. पाणी जांभ्या दगडात मुरे, आणि बाहेरचा सिमेंटचा गिलावा ती ओल आतच कोंडून ठेवी.

दुरुस्ती साधीच ठरली: कौल बदलावे, गिलावा चुन्याचा करावा, कुजका भाग कापून वाळलेल्या सागाचा सांधा द्यावा आणि टोकाभोवती वाऱ्यास वाट ठेवावी. बाकीच्या तुळया वाचल्या.

आपल्या घरीही पावसाळ्यापूर्वी शिडी लावून कौले पाहावीत. एका कौलाच्या आळसापायी आजोबांनी चढविलेली तुळई गमावू नये.