पित्ताशयाच्या रेषेवरून

भावाला यकृताचा उजवा भाग द्यायचा तर माझं पित्ताशयही काढावं लागणार, हे मला तपासण्या निम्म्यावर आल्यावर कळलं. तोवर घरीदारी सगळे ‘लिव्हरचा तुकडा’ एवढंच म्हणत होते. माझ्या पित्ताशयात खडे नव्हते, सूज नव्हती. मग धडधाकट अवयव काढायचा कशाला, असं मी सर्जनना विचारलं. त्यांनी माझा सीटी स्कॅन संगणकावर उघडला आणि म्हणाले, “खुर्ची इकडे घ्या. तुमचंच आहे, तुम्ही बघायलाच हवं.”

शाळेच्या पुस्तकात यकृताचे दोन भाग दाखवतात, उजवा मोठा, डावा लहान, मध्ये एक पातळसा बंध. पण आतल्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका त्या बंधाला जुमानत नाहीत. खरी वाटणी त्याच्या बरीच उजवीकडे होते. यकृताच्या खालच्या अंगाला पित्ताशय ज्या खळग्यात चिकटलेलं असतं तिथून ती सुरू होते आणि मागच्या महाशिरेपर्यंत जाते. जेम्स कँटली या स्कॉटिश सर्जनने हाँगकाँगमध्ये केलेल्या एका शवविच्छेदनात उजवी बाजू आक्रसलेलं आणि डावी बाजू वाढलेलं यकृत पाहिलं. त्या दोन्हींची सीमा पित्ताशयापाशी होती. त्यावरून त्यांनी 1897 च्या सुमारास ही रेषा मांडली. पुढे 1957 मध्ये फ्रान्सच्या क्लोद कुइनो यांनी यकृताचे आठ भाग पाडले. प्रत्येक भागाला स्वतःचा रक्तपुरवठा आणि स्वतःची पित्तनलिका असते, म्हणूनच यकृत कापून वाटता येतं. आणि 1996 मध्ये प्रौढ दात्याचा वाढीव उजवा भाग प्रौढ रुग्णाला बसवण्याची शस्त्रक्रिया झाली तीही हाँगकाँगलाच. हा योग मला फार विलक्षण वाटतो.

तर सुरी जाणार ती पित्ताशयाच्या खळग्यातून. शिवाय पित्ताशयाच्या नळीतून रंगद्रव्य सोडून टेबलावरच पित्तनलिकांचा एक्स-रे काढतात आणि उजवी नलिका नेमकी कुठे कापायची ते ठरवतात. या नलिकांची ठेवण बऱ्याच जणांत पुस्तकातल्यासारखी नसते. माझ्या एमआरआयमध्ये उजवीकडून दोन नलिका निघत होत्या. म्हणजे भावाच्या बाजूला एकाऐवजी दोन जोड, आणि पित्त गळण्याची जोखीम थोडी जास्त. हे मला आधी दाखवलं, कागदावर काढून समजावलं, याबद्दल मी त्या डॉक्टरांची ऋणी आहे. भाऊ आहे म्हटल्यावर मनाने होकार केव्हाच दिलेला असतो. पण सही करताना आपल्या पोटातलं काय जाणार आणि काय उरणार, हे दात्याला कळलंच पाहिजे.

यकृत काय काय करतं हे मला धाकट्या भावाच्या आजारातून कळलं, एकेक काम बंद पडत गेलं तसतसं. त्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही. मधुमेह, वाढलेलं वजन आणि कित्येक वर्षं सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ अशी एक ओळ, जिच्याकडे कुठल्याच डॉक्टरने आमचं लक्ष वेधलं नाही. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. दुखतं ते त्याच्यावरचं आवरण ताणलं तर. त्यामुळे सगळं मुकाट्याने चालू राहिलं. तरी भेटायला येणारे पहिला प्रश्न दारूचाच विचारायचे, आणि आई दरवेळी मान खाली घालायची. त्याचा राग मला अजून आहे.

पहिल्यांदा त्याला रक्ताची उलटी झाली. यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं आणि त्यातलं तीन चतुर्थांश आतड्यांकडून, प्लीहेकडून पोर्टल शिरेतून येतं. यकृत व्रणांनी कडक झालं की हे रक्त पुढे सरकेनासं होतं, मागे दाब वाढतो आणि अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगून फुटतात. दुर्बिणीतून बँड टाकून ते थांबवलं. मग पोटात पाणी व्हायला लागलं, पाय सुजले. रक्तातलं पाणी वाहिन्यांच्या आत धरून ठेवणारं अल्ब्युमिन यकृतच बनवतं, ते कमी पडत होतं. रक्त गोठवणारे घटकही तिथलेच, म्हणून दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबायचं नाही. पण मला सर्वांत घाबरवलं ते त्याच्या सहीने. आतड्यांतून येणाऱ्या अमोनियाचा युरिया करून शरीराबाहेर घालवणं हेही यकृताचं काम. ते होईना, तेव्हा तो रात्रभर जागा आणि दिवसा गुंगीत राहू लागला. हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडायचे. बँकेने सही जुळत नाही म्हणून त्याचा चेक परत केला आणि त्या दिवशी आम्ही दोघं खूप वेळ काही बोललो नाही. औषध म्हणून लॅक्ट्युलोजचं गोड सिरप, जुलाब होईपर्यंत.

तपासण्यांत माझ्याही यकृतात थोडी चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, ती उतरवा, मगच पुढे जाऊ. भात कमी, साखर बंद, पहाटे कुडाळच्या रस्त्यावर भरभर चालणं. काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन झाला तेव्हा चरबी खरंच उतरली होती. इतक्या लवकर सुधारणारा अवयव वर्षानुवर्षं बिघडू द्यायचा, हे मला तेव्हापासून सहन होत नाही. नात्यातल्या कुणाच्याही रिपोर्टवर ती ओळ दिसली की मी त्यांना स्वस्थ बसू देत नाही.

अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे माझी मुलाखत झाली, व्हिडिओ चालू होता. कुणाचा दबाव आहे का, पैसे घेतले का, धोका माहीत आहे का. उजवा भाग देणाऱ्या दर दोनशे ते पाचशे दात्यांत एकाचा मृत्यू होतो, हे मी माझ्या तोंडाने सांगितलं. बाजूला नवरा बसला होता. त्याच्यासमोर तो आकडा उच्चारणं शस्त्रक्रियेपेक्षा अवघड गेलं.

मुंबईत शस्त्रक्रिया झाली. माझ्या यकृताचा साठ टक्क्यांहून थोडा अधिक भाग गेला. शुद्धीवर आल्यावर मी भावाचं विचारलं, तर तिथल्या तरुण डॉक्टर म्हणाल्या, “ताई, जोडल्यावर तुमच्या लिव्हरने टेबलावरच पित्त सोडलं. सोनेरी, छान.” नवं यकृत चालू झालं याची ती खूण. नंतर त्यांनी मला भावाच्या काढलेल्या यकृताचा फोटो दाखवला. फणसाच्या सालीसारखा गाठीगाठींचा पृष्ठभाग, हिरवट. इतके दिवस तो त्यावर जगत होता.

माझं उरलेलं यकृत लगेच वाढायला लागलं. बिलिरुबिन काही दिवस चढलं, मग उतरलं. रक्तातलं फॉस्फेट घसरलं आणि सलाइनमधून द्यावं लागलं. नव्या पेशी ते ओढून घेतात, असं सिस्टरने समजावलं. कापलेला भाग पुन्हा फुटत नाही, उरलेला डावाच फुगतो. पुढच्या स्कॅनमध्ये तो उजवीकडे सरकून रिकामी जागा भरत होता. आकार पहिल्यासारखा नाही, वजन मात्र जवळपास पहिल्याइतकं.

पित्ताशय मात्र परत येत नाही. यकृत दिवसाला सहाशे मिलिलिटर ते लिटरभर पित्त तयार करतं. पित्ताशयात मावतं तीस ते पन्नास मिलिलिटर, पण ते त्यातलं पाणी शोषून पित्त दाट करून ठेवतं. जेवणातली चरबी लहान आतड्यात पोचली की आतडं संप्रेरक सोडतं, पित्ताशय आवळतं आणि साठलेलं पित्त वेळेवर अन्नात मिसळतं. आता माझं पित्त न थांबता आतड्यात ठिबकत राहतं. सुरुवातीला बांगड्याच्या तिखल्याने, तळलेल्या वड्यांनी पोट लगेच बिघडायचं. थोडं थोडं, चार वेळा खाऊ लागले तसं सुधारलं. पित्तातले बहुतेक क्षार आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषले जातात आणि पोर्टल शिरेने पुन्हा यकृतात येतात, हे कळल्यावर तर मला या साऱ्या रचनेचं मोठं कौतुक वाटलं.

भाऊ आता दुकानावर बसतो. टॅक्रोलिमसच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून. त्याचं शरीर माझ्या पेशींना परकंच मानतं आणि या गोळ्या त्याला आवरून धरतात. गोळीचं विघटन आतड्यात आणि मुख्यतः यकृतात होतं, म्हणजे ज्याला वाचवायचं तेच औषध पचवतं. ग्रेपफ्रूट आणि पपनस ते विघटन रोखतात आणि रक्तात औषध वाढतं. यंदा गणपतीत मूर्तीवर टांगलेल्या माटवीला बांधलेलं पपनस विसर्जनानंतर सोललं, तेव्हा त्याने सवयीने फोडीला हात घातला. मी ताटली उचलली आणि त्याच्यापुढे केळी ठेवली.